नर उपटायची तारीख

पिवळा चौकोन आला तर वाचायचं आणि ‘होय’ दाबायचं. लाल आला तर काहीच दाबायचं नाही, फोन करायचा. एवढं सांगून माझी नात त्या दिवशी सकाळी तिच्या आईला घेऊन जालन्याला गेली. मी लाल चौकोनाला हात लावला नाही. जे बिघडलं ते पिवळ्यात बिघडलं आणि माझ्या बोटानं बिघडलं. गावात त्याच्या दोन-तीन वेगळ्याच गोष्टी फिरतात, म्हणून खरी लिहून ठेवते. माझी शाळा चौथीपर्यंतची. वाचायला अडत नाही, लिहायला वेळ लागतो.

आमचं गाव वडीगोद्रीहून आत, कालव्याच्या अंगाला. इकडं बरीच घरं बियाण्याचे प्लॉट घेतात. बियाण्याचा प्लॉट म्हणजे जाळीच्या शेडखाली दोन जातींची मिरची, एक नर आणि एक मादी. मादीची कळी उमलायच्या आधी चिमट्यानं सोलायची, तिच्यातला तिचा स्वतःचा पराग काढून टाकायचा आणि नराच्या फुलाची वाळवलेली भुकटी तिला लावायची. ह्याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. महिना-सव्वा महिना हे रोज चालतं. मग कंपनी सांगेल त्या दिवशी नराची सगळी झाडं मुळासकट उपटून जाळीबाहेर टाकायची. ती राहिली तर नराची मिरची मादीच्या मिरचीत मिसळते आणि सगळं बी नापास होतं. तारखेच्या आधी उपटली तर मादी फुलत राहते आणि लावायला भुकटी नसते. उपटलेलं झाड परत लागत नाही. म्हणून ह्या एका तारखेला प्लॉटवाले फार जपतात.

मी बायांची टोळी घेऊन वीस-बावीस वर्षं हे काम केलं. मुकादम होते. कोणत्या बाईला कोणती ओळ द्यायची, तिच्या मागून कोणाला तपासायला लावायचं, कोण बोलत बोलत कळ्या सोडून पुढं जाते, हे सगळं मी बघायची. गुडघे गेले तेव्हा सोडलं.

नात पुण्यात कंप्युटरच्या नोकरीत होती. तिच्या कंपनीनं माणसं कमी केली, कारण प्रोग्राम लिहायचं काम मशीन करायला लागलं. ती घरी आली, महिनाभर गप्प राहिली आणि मग त्याच मशीनकडून काम करून घ्यायला बसली.

मी म्हटलं, “ज्यानं तुझी नोकरी खाल्ली त्यालाच कामाला लावलं का?”

“मंग काय करू, आजी? रुसून बसू?”

मला ते उत्तर पटलं.

जालन्याच्या एका बियाणे कंपनीनं तिला एका हंगामापुरतं काम दिलं. प्रत्येक प्लॉटवाल्याच्या फोनवर वेळेवर मेसेज जायला पाहिजे : कळ्या सोलायला कधी लागायचं, साहेब पाहणीला कधी येणार, नर कधी उपटायचा. आधी हे एक कारकून वहीत बघून करायचा आणि निम्म्या लोकांना कळायचंच नाही. हंगाम नीट गेला तर पुढचं काम पक्कं, नाहीतर ती परत पुण्याला. तिथं आता तिच्यासाठी काही उरलेलं नाही, हे तिनंच एकदा भाकरी मोडता मोडता सांगितलं होतं. तिला इथं राहायचं होतं. का, ते मी विचारलं नाही.

ती काम करायची ती खोली माझीच. म्हणून मला ते सगळं दिसायचं. कंप्युटरवर तिनं एक सॉफ्टवेअर बसवलं होतं. ते उघडलं की स्क्रीनवर चार उभे रकाने दिसायचे आणि चारी रकान्यांत आपोआप अक्षरं पळायची. पहिला प्रोग्राम लिहायचा. दुसरा त्याचं लिहिलेलं तपासायचा. तिसरा प्लॉटच्या याद्या लावायचा. चौथा मेसेज बांधून वेळ झाली की सोडायचा. ती त्यांना एजंट म्हणायची. आमच्याकडं एजंट म्हणजे जमिनीचा नाहीतर विम्याचा. तो येतो, चहा पितो आणि जातो.

“हे चहा पीत न्हाईत,” नात म्हणाली. “आणि जात बी न्हाईत.”

तिनं मला समजावून सांगितलं तेव्हा मी म्हटलं, ही तर टोळीच झाली, आणि तू मुकादम. ती म्हणाली, हो, बराबर. पण मी आठ-दहा दिवस बघत राहिले आणि मला एक गोष्ट खटकली. माझ्या बाया कामाच्या मध्येच भांडायच्या. मी चुकीची ओळ सांगितली तर एखादी तोंडावर म्हणायची, मुकादमीण, डोकं फिरलंय का तुझं. हे चौघं कधीच तसं म्हणत नव्हते. जे सांगितलं ते करायचे आणि वर गोड बोलायचे. मी तिला तसं सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, “म्हणून तर तपासणारा वेगळा ठेवलाय.”

सुनेच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आधीपासून ठरलेली होती. नर उपटायचे मेसेज पहिल्यांदा सुटायची तारीखही कंपनीनं तीच धरली. दुपारी चार वाजता. त्यातच कंपनीच्या माणसांनी प्लॉटच्या याद्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाठवल्या. म्हणजे उरलेलं काम एजंटांनी त्या सकाळी करायचं होतं. नात ते फोनवरून सांभाळणार होती, पण दवाखान्यात आत फोनला रेंज मिळत नाही हे तिला माहीत होतं. मुलगा गाडी चालवायला जाणार. घरात राहणार मी.

“आजी, तू बस ना इथं. तुला वाचता येतंय. मी त्यांना मराठीत विचारायला लावलंय.”

“मला कंप्युटर येत न्हाई.”

“येऊ नको दे. पिवळा आला की वाच आणि होय दाब. तू दाबलं न्हाई तर ते तिथंच थांबून राहतात.”

“आणि चुकलं म्हणजे?”

“चुकण्यासारखं सगळं मी लाल केलंय. काही पुसायचं असलं, कोणाचा नंबर बाहेर द्यायचा असला, ठरलेलं मोडायचं असलं, तर लाल येतं. लाल आलं की फोन कर.”

सून तोवर गाडीत बसून आवाज देत होती. गेल्या.

सकाळी नऊ ते बारा मी सात-आठ वेळा होय दाबलं. ‘ही फाईल उघडू का’, ‘ही तपासणी पुन्हा चालवू का’, असलं काही. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी वाचत होते आणि दाबत होते. टोळीत नवी बाई पहिल्या दिवशी प्रत्येक झाडाला विचारते तसं ते होतं. मधे चूल पेटवली, दोन भाकरी टाकल्या, चौकोन येऊन वाट बघत होता, हात पुसून दाबला.

बारा वाजून गेल्यावर तिसऱ्या रकान्यात चौकोन आला. त्यात लिहिलं होतं, प्रत्येक प्लॉटला लागवडीच्या दोन तारखा दिसत आहेत. दिवस मोजताना आधीची तारीख धरू का?

मला बरं वाटलं. दिवसभरात पहिल्यांदा मला येणारी गोष्ट कोणीतरी विचारली होती. दोन तारखा असणारच. नर आधी लावतात आणि मादी पंधरा दिवसांनी, म्हणजे मादी फुलायला लागते तोवर नराला भरपूर फुलं येतात. आमच्या टोळीत प्लॉटचं वय नेहमी नरापासून धरायचे. टोळीला पहिला बोलावा नर लावायचाच यायचा. बाया एकमेकींना विचारायच्या, नर धरून किती झाले? मादी धरून कोणी विचारलं तर हसायच्या, कारण तसं फक्त कंपनीचे साहेब बोलायचे.

मी होय दाबलं. जरा जोरातच दाबलं.

सव्वातीनच्या सुमारास माझी चुलत जाऊ आली. तिचा प्लॉट आमच्या विहिरीच्या पलीकडं. ती त्यावर स्वतः राबते. दुपारच्या उन्हात जाळीखाली बसवत नाही म्हणून ती घटकाभर येऊन टेकते. दारातूनच म्हणाली, “आक्का, नोकरी लागली म्हणं तुला.”

“चप्पल बाहेर काढ.”

“कंप्युटर काय देव हाय का?”

“देव बरा. तो काही विचारत न्हाई.”

ती खाली बसली, पाणी प्याली आणि स्क्रीनकडं बघत राहिली. म्हणाली, “माझं नाव हाय का त्याच्यात?”

तिसऱ्या रकान्यात यादी तयार होऊन पडली होती. नातीनं मला बाण कसा खाली न्यायचा ते दाखवलं होतं. मी यादी खाली नेली. जावेच्या नावापुढं लिहिलं होतं, मुदत उलटली आहे. आजच नर उपटा. न उपटल्यास प्लॉट नापास होईल.

“काय लिहिलंय?”

“थांब.”

“थांब काय? वाच की.”

मी वाचलं. ती उठून उभीच राहिली. “आजच? आक्का, माझी मादी आता कुठं भरात आली. अजून पंधरवडा क्रॉसिंग हाय. साहेब परवा सांगून गेल्ता.”

मी यादी आणखी खाली नेली. उलटली, उलटली, उलटली. एकूण चौतीस प्लॉट. त्या दिवशी खरं तर दोन-चारच निघायला पाहिजे होते. मी बोटांवर दिवस मोजायला लागले आणि तिसऱ्या बोटावर मला कळलं. टोळीच्या हिशोबात आम्ही नरापासून मोजतो, पण मग दिवसही पंधरा जास्त धरतो. कंपनी मादीपासून मोजते आणि दिवस कमी धरते. दोघांचा शेवट एकाच दिवशी येतो, म्हणून आजवर कधी भांडण झालं नव्हतं. मी त्या एजंटाला सुरुवात आमची सांगितली आणि दिवस त्यानं कंपनीचे लावले. दोन-चार सोडून बाकी सगळ्या प्लॉटचा नर पंधरा दिवसांपर्यंत आधी उपटला जाणार होता. तपासणारा एजंट होताच. त्यानं तपासलं होतं की सगळीकडं आधीचीच तारीख धरली आहे का. धरली होती. त्याच्यापुढं बरोबरची खूण होती.

भिंतीवरच्या घड्याळात तीन पस्तीस झाले होते.

नातीला फोन लावला. कव्हरेजच्या बाहेर. पुन्हा लावला. मुलाला लावला, वाजून वाजून बंद झाला. तो फोन गाडीत ठेवून फिरतो, हे मी त्याला शंभरदा बोलले आहे. कंपनीच्या साहेबाचा नंबर माझ्याकडं नव्हता. जावेकडं पाहणीला येणाऱ्या माणसाचा होता. तिनं लावून माझ्या हातात दिला. तो म्हणाला, “मावशी, मेसेज कंपनीकडून निघतात. त्याच्यात मी काय करणार? तुमच्याच नातीचं काम हाय ना ते?”

ठेवला मी फोन.

मग पहिल्या रकान्यात एका बोटानं लिहिलं. अक्षरं शोधून शोधून लिहावी लागत होती आणि जाऊ मागून जल्दी जल्दी म्हणत होती. ‘थांब. तारीख चुकली. मादी धर.’ एवढं लिहायला मला चार मिनिटं गेली असतील. उत्तर लगेच आलं. तुम्ही बरोबर आहात, चूक लक्षात आणून दिल्याबद्दल आभारी आहे, दुरुस्त करतो. आणि तो कामाला लागला. त्याचं झालं की दुसरा तपासणार, मग तिसरा यादी लावणार. पण चौथ्या रकान्यात जुन्याच यादीचं बांधलेलं गाठोडं पडलं होतं आणि त्याखाली लिहिलं होतं, ३४ मेसेज तयार.

चौथ्याला लिहिलं, ‘पाठवू नको.’

लाल चौकोन आला. ठरलेलं काम रद्द करण्यासाठी मालकाचा पासवर्ड द्या.

“दे ना मंग,” जाऊ म्हणाली.

“माझ्याकडं कुठाय?”

“तुझी नात, आणि तुला सांगितला न्हाई?”

“तुझ्या पोरानं तुला त्याच्या फोनचा सांगितलाय का?”

ती म्हणाली, “बटणच बंद कर सगळ्याचं.”

लाईट घालवून उपयोग नव्हता, कंप्युटर त्याच्या बॅटरीवर चालतो आणि नेटचा डबा इन्व्हर्टरवर. कंप्युटर बंद कसा करायचा ते मला दाखवलेलं नव्हतं. त्या घाईत मला टोळीतलीच एक गोष्ट सुचली. चुकीच्या नराची भुकटी वाटली गेली असेल तर ओळीओळीत पसरलेल्या बायांना ओरडून काही होत नाही, निम्म्या ऐकत नाहीत. भुकटी जिथून वाटतात तो डबा उचलायचा. मेसेज जातात ते नेटच्या डब्यातून. तो दारावरच्या फळीवर होता. माझे गुडघे स्टुलावर चढायच्या लायकीचे नाहीत. मी जावेला चढवलं.

“कोणती वायर? तीन हायेत.”

“तिन्ही काढ.”

घड्याळात चारला सहा मिनिटं कमी होती. तरी जावेच्या कमरेच्या पिशवीतला तिचा फोन वाजला. तिनं एका हातानं फळी धरली, दुसऱ्या हातानं फोन काढून माझ्याकडं खाली दिला. कंपनीचा मेसेज. मुदत उलटली आहे, आजच नर उपटा. आमचं भिंतीवरचं घड्याळ मागं होतं. घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी ते पुढं केलं नव्हतं.

“वढ,” मी म्हटलं.

तिनं डबाच फळीवरून खाली ओढला.

चौथ्या रकान्यात अक्षरं थांबली. ९ गेले, २५ बाकी, नेट नाही.

नऊमधली एक जाऊच. राहिले आठ. यादी स्क्रीनवर दिसत होती, नंबरांसकट. जाऊ आकडे दाबायची आणि फोन माझ्याकडं द्यायची. पहिला म्हणाला, कंपनीचे मेसेज मी वाचतच न्हाई मावशी, तुम्ही सांगितलं म्हणून कळलं. दुसरीनं वाचून शेजारणीला विचारायला माणूस पाठवला होता. तिसरा मंठ्याकडचा, तो मला ओळखत नव्हता. तो भांडायला लागला. “कंपनी म्हणती उपट, तुम्ही म्हणता उपटू नका. नापास झाल्यावर तुम्ही येणार का?”

“येते. माझं नाव लिहून घ्या.”

त्यानं खरंच लिहून घेतलं.

सात जण सापडले. आठवी फोन उचलत नव्हती. तिचं गाव अंकुशनगरच्या बाजूला आणि ती माझ्या टोळीत बारा वर्षं होती. हात इतका चांगला की तिच्या मागून मी कोणाला तपासायला पाठवत नव्हते. ती फोन उचलत नाही म्हणजे जाळीखाली आहे आणि हात कामात आहेत, हे मला माहीत होतं. काय कामात, ते मला बोलायचं नव्हतं. जाऊ सारखी लावत होती. साडेपाचला तिचाच आला.

“मावशी, फोन केल्ता का? नर उपटत होतो.”

“किती राह्यलाय?”

“संपला की. पोरींना बी लावलं. आजच म्हणून आल्तं ना.”

मी तिला सांगितलं. तिच्या मागं बायांचं बोलणं ऐकू येत होतं, कोणीतरी हसत होतं.

“ऐक,” मी म्हटलं, “उपटलेल्या झाडांवर जितकी फुलं टिकून असतील तितकी आत्ता खुड. बराबर वाळव. दोन सकाळी निघतील त्याच्यावर.”

“आणि तिसऱ्या सकाळी?”

“ते मी बघते.”

तिनं फोन ठेवला.

सहानंतर गाडी आली. सुनेच्या एका डोळ्यावर पट्टी, नातीनं तिला धरून आत आणलं, बसवलं, आणि मग जमिनीवर पडलेला नेटचा डबा बघितला. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चौकोन, तारीख, माझा होय. तिनं मला एकदाही अडवलं नाही. कंप्युटरपुढं बसली, यादी वरून खाली बघितली, आणि म्हणाली, “मला वाटलं लाल पुरे होईल.”

“मी दाबलं.”

“मी तुला दाबायला सांगितलं, आजी.”

“ते वेगळं. हे मला येत होतं आणि तरी चुकलं.”

तिनं साहेबाला फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला. म्हणाली, साहेब, माझ्याकडून चूक झाली, एक प्लॉट गेला. साहेब फार गोड आवाजात बोलायला लागला. असा आवाज माणूस काढतो तेव्हा त्याचं ठरलेलं असतं. म्हणाला, “मॅडम, म्हणूनच आम्ही कारकून ठेवत होतो. तुम्ही आता राहू द्या. पुढचं आम्ही...”

मी फोन घेतला. “साहेब, तारीख मी सांगितली. नातीनं न्हाई. प्लॉट गेलेला न्हाई अजून.”

“आपण कोण?”

मी सांगितलं. त्यानं माझं नाव ऐकलेलं होतं. आमच्या टोळीचे प्लॉट त्याच्याच हाताखाली तपासले जायचे. आवाज जरा उतरला. “मावशी, नर उपटल्यावर काय राहतं?”

“नर तिच्या प्लॉटमध्ये न्हाई, पण माझ्या जावेकडं हाय. नराच्या जातीचा नंबर एकच हाय दोघींचा, मी यादीत बघितला. भुकटी रोज सकाळी इकडून तिकडं नेते.”

“बाहेरची भुकटी आपण चालू देत नाही.”

“चालू देत न्हाई ते खरं. पण तुमची परवानगी वहीत लिहिली तर बाहेरची राहत न्हाई.”

तो म्हणाला, उद्या माणूस पाठवून दोन्ही नर तपासतो, एक असतील तर लिहून देतो. आणि नातीला म्हणाला, तो प्लॉट मिरचीनं भरला तर आपण पुढचं बोलू. नाही भरला तर बोलायचं कारण नाही.

जाऊ सगळं ऐकत बसली होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, “आणि माझ्या नराचं मला कोणी विचारलं का?”

“विचारते. देतीस का?”

“मला पुरून उरला तर.”

“उरंल. मी खुडायला येते.”

“तुझे गुडघे?”

“खाली बसून खुडीन.”

तिनं दिलं. तेरा सकाळी दिलं, आणि तेराही सकाळी ऐकवलं. मी उजाडताच तिच्या जाळीखाली बसायची. आदल्या दिवशी खुडलेली फुलं वाळलेली असायची, ती चाळून भुकटी डबीत भरायची. नात स्कूटी काढायची आणि मी डबी मांडीत घेऊन मागं बसायची. कंप्युटरचं काम ती आल्यावर करायची. चारी रकाने तोवर बंद असायचे.

पहिल्या दिवशी अंकुशनगरच्या बाजूच्या त्या बाईनं आम्हाला बसाही म्हटलं नाही. डबी घेतली, उजेडात धरून हलवली, म्हणाली, “वली हाय. अजून वाळवा.” आणि ओळीत गेली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “मावशी, एक कळी सुटली तर तुम्ही अख्खी ओळ परत करायला लावत होत्या.”

“हो.”

“मी एकदा रडले होते.”

“आठवतंय.”

“मंग आता तुम्ही बसा ह्या ओळीला.”

मी बसले. नातही बसली. तिला चिमटा धरता येत नव्हता, पहिल्या दिवशी कळ्याच तुटल्या. त्या बाईनं तिच्या हातातून चिमटा घेतला, दाखवला, परत दिला. मेसेजबद्दल ती तिला एक शब्द बोलली नाही. ते मला लागलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

पाचव्या दिवशी पाऊस झाला आणि फुलं वाळली नाहीत. भुकटी निम्मी निघाली. जावेचं आधी, असं मीच म्हटलं, आणि रिकाम्यासारखी डबी घेऊन गेलो. त्या बाईनं डबीत बघितलं आणि बायांना तीन ओळी सोडायला सांगितल्या. त्या तीन ओळींतली मादीची फुलं त्या दिवशी तशीच गळाली. नात स्कूटीजवळ उभी राहून ते बघत होती.

क्रॉसिंग संपलं तेव्हा साहेब स्वतः आला. जाळीखालून दोन फेऱ्या मारल्या, झाडं हातानं उचलून मिरच्या बघितल्या. शेंड्याकडं कमी होत्या आणि त्या तीन ओळी विरळ दिसत होत्या. तो त्या बाईला म्हणाला, थोडी कमी आहे. ती म्हणाली, तुमच्या मेसेजनं कमी आहे. प्लॉट त्यानं पास केला. नातीला बाहेर येऊन म्हणाला, पुढच्या हंगामाचं करा, पण एक अट. शेतातला कोणताही प्रश्न मशीनला पडला तर तो प्लॉट करणाऱ्या माणसाकडं गेला पाहिजे. त्याचं उत्तर आल्याशिवाय पुढं जायचं नाही.

घरी येऊन नातीनं त्या जागी माझा नंबर घातला. मी तो काढायला लावला. मी टोळी सोडून सात वर्षं झाली, आणि मला वाटतं त्याच्यापेक्षा मला कमी माहीत आहे, हे आता सिद्ध झालंय. म्हटलं, जिचा नर उपटला गेला तिचा घाल. नात म्हणाली, ती कशाला आपलं काम करील? मी म्हटलं, विचारून बघ. तिला काम म्हणून दे, उपकार म्हणून नको.

ती लगेच हो म्हणाली नाही. दोन दिवस घेतले, कामाचे पैसे बोलून ठरवले, मग हो म्हणाली. आता एजंटांना काही अडलं की प्रश्न तिच्या फोनवर जातो आणि ती बोलून उत्तर देते, बहुतेक वेळा कामात असताना. परवा त्यांनी तिला विचारलं की पानं पिवळी पडली असल्यास पाहणीची तारीख पुढं ढकलावी का. ती म्हणाली, कोणत्या प्लॉटची, खालची का वरची, पाणी कधी दिलं, बघितल्याबिगर मी काय सांगू, आधी इथं या.

नातीनं ते उत्तर तसंच ठेवलं आणि सकाळी स्कूटी काढून तिच्याकडं गेली.